शेजारी कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी इमारत येतेय: न्यू जर्सीतल्या सुनावणीत काय मागायचं, कसं मागायचं

घरापासून २०० फुटांच्या आत सिनिअर हाउसिंगचा अर्ज पडला की एक पत्र येतं, बहुधा सर्टिफाइड मेलनं. न्यू जर्सीच्या १९७५ च्या जमीनवापर कायद्याप्रमाणे ते सुनावणीच्या किमान १० दिवस आधी धाडलेलं असावं लागतं. इथे टपालात टाकलेला दिवस धरतात, तुमच्या हाती पडलेला नव्हे. त्यामुळे तयारीला जेमतेम आठवडा उरतो. २०० फुटांपलीकडच्या घरांना पत्र येत नाही, पण सुनावणीत प्रश्न विचारायला त्यांना कोणी अडवत नाही.

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर अशा गावांत मराठी घरं भरपूर आहेत आणि असं पत्र आलं की व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न असतो, ‘हे थांबवायचं कसं?’ त्या प्रश्नात आठवडा घालवू नका. या राज्यात परवडणाऱ्या घरांची जबाबदारी प्रत्येक गावावर आहे. माउंट लॉरेल गावाविरुद्धच्या खटल्यांत १९७५ आणि १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती घातली, १९८५ मध्ये तिचा कायदा झाला आणि २०२४ च्या कायद्यानं तिची आजची चौकट ठरवली. जे गाव आपला वाटा उचलत नाही, त्याच्याविरुद्ध बिल्डर कोर्टात जाऊन स्वतःला हवी तशी, जास्त दाट वस्तीची इमारत मिळवू शकतो. म्हणजे आज ७० ज्येष्ठांच्या इमारतीला नाही म्हणणाऱ्या गल्लीला उद्या त्याहून मोठी इमारत पाहावी लागू शकते. इमारत कशी बसेल, पाणी कुठे जाईल, गाड्या कुठे उभ्या राहतील, हे मात्र अजून ठरायचं असतं. तुमचं म्हणणं चालतं ते तिथे.

पत्रात आधी काय पाहायचं

अर्ज कोणापुढे आहे ते पाहा. सगळं त्यावर ठरतं.

जमिनीचा झोन, म्हणजे तिथे काय बांधता येतं याचा गावानं ठरवलेला नियम, बदलायचा असेल तर विषय टाउनशिप कौन्सिलपुढे येतो. हा राजकीय निर्णय असतो. कौन्सिलच्या सदस्यांना फोन करा, भेटा, पत्र लिहा, सगळं चालतं. बदलायच्या भागातल्या किंवा त्याभोवतीच्या २०० फुटांतल्या जमिनीपैकी २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी हरकत गावाच्या क्लार्ककडे दिली तर साधं बहुमत पुरत नाही, कौन्सिलची दोन तृतीयांश मतं लागतात. इथे टक्केवारी क्षेत्रफळाची मोजतात, सह्यांची नाही. शिवाय घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांची सही घ्या, नाहीतर ती जमीन मोजणीतून गळू शकते.

झोन आधीच तसा असेल तर अर्ज प्लॅनिंग बोर्डापुढे येतो आणि बोर्ड फक्त आराखडा तपासतं. बाहेरच्या रस्त्यावर आधीच गर्दी आहे, एवढ्या कारणावर परवानगी असलेला वापर नाकारता येत नाही. १९८४ च्या एका निकालानं ते पक्कं केलं. आतला रस्ता, गाड्यांचं आत-बाहेर येणं, पाणी, उजेड, झाडं हे सगळं मात्र बोर्डाच्या हातात असतं.

झोनमध्ये परवानगी नसेल तर अर्जदार झोनिंग बोर्डाकडे यूज व्हेरियन्स, म्हणजे झोनमध्ये न बसणाऱ्या वापराची खास परवानगी मागतो. त्याला सातपैकी पाच मतं लागतात. हे ऐकून शेजाऱ्यांना हुरूप येतो, पण परवडणारी घरं हा न्यायालयांनी मुळातच लोकहिताचा मानलेला वापर आहे. गावानं आपला वाटा पुरा केला असला तरी तो तसाच मानायचा, असं २००९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं. अशा अर्जाची चाचणी १९९२ च्या एका निकालात चार पायऱ्यांनी घालून दिली आहे: लोकहित किती मोठं ते पाहा, शेजाराला होणारा त्रास पाहा, वाजवी अटी घालून तो त्रास कमी होतो का ते पाहा, मग दोन्ही तोला. तिसरी पायरी ही तुमची जागा. बोर्डाला वापरता येतील अशा अटी शेजाऱ्यांनी लिहून नेल्या तर त्या ठरावात, म्हणजे बोर्डाच्या लेखी निर्णयात, येण्याची शक्यता खूप वाढते. नुसता विरोध नेला तर बोर्डाच्या हाती काहीच पडत नाही.

प्लॅनिंग किंवा झोनिंग बोर्डाच्या सदस्याला सुनावणीबाहेर गाठू नका. तो तिथे न्यायाधीशासारखा बसलेला असतो. देवळात किंवा किराणा दुकानात भेटून ‘जरा बघा’ म्हटलंत तर त्याला सुनावणीतून बाजूला व्हावं लागेल आणि नुकसान तुमचंच होईल.

पत्रात वापर, पत्ता किंवा ब्लॉक-लॉट (जमिनीचा नोंदीतला क्रमांक), सुनावणीची तारीख आणि कागद कुठे पाहता येतील हे साध्या भाषेत लिहिलेलं असावं लागतं. त्यात खोट असेल तर बोर्डाला सुनावणीचा अधिकारच पोचत नाही. मुद्दा अवश्य काढा, पण त्यातून मिळतो तो महिनाभराचा वेळ, त्यापलीकडे काही नाही.

कागद कसे मिळवायचे

सरकारी कागदांच्या कायद्याखाली अर्ज केलात तर उत्तराला कामकाजाचे सात दिवस लागू शकतात, तोवर सुनावणी येऊन ठेपते. त्यापेक्षा बोर्डाच्या सेक्रेटरीच्या खिडकीवर जा. आराखडे सुनावणीच्या १० दिवस आधीपासून तिथे पाहायला ठेवावेच लागतात. आधी फोन करून वेळ घ्या, मोबाइलनं फोटो काढा.

चार गोष्टी मागा: आराखड्यांचा पूर्ण संच, पावसाच्या पाण्याचा अहवाल, वाहतुकीचा अहवाल, आणि बोर्डाच्या स्वतःच्या इंजिनिअर, प्लॅनर व फायर ऑफिसरची परीक्षणपत्रं. फक्त एकच कागद वाचायला वेळ असेल तर इंजिनिअरचं परीक्षणपत्र वाचा. अर्जदाराच्या उणिवा त्यात क्रमांक घालून लिहिलेल्या असतात, आणि ‘तुमच्याच इंजिनिअरच्या मुद्दा क्रमांक १४ ला उत्तर मिळालेलं नाही’ या वाक्याला जेवढं वजन असतं तेवढं कुठल्याही भाषणाला नसतं.

आधी पाणी

सगळ्यात खरी, सगळ्यात मोजता येणारी काळजी हीच. एक एकर किंवा जास्त जमीन उकरली जाणार असेल, किंवा पाव एकर नवा पक्का पृष्ठभाग होणार असेल, तर राज्याचे पावसाच्या पाण्याचे नियम पूर्ण लागू होतात. मार्च २०२१ पासून पाणी जमिनीत मुरवणाऱ्या हरित उपायांची सक्ती आहे, आणि जुलै २०२३ च्या नियमानं पुढच्या काळातला वाढीव पाऊस धरून हिशेब करावा लागतो. सहसा वापरला जाणारा निकष असा: २, १० आणि १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या मोठ्या पावसात बाहेर पडणारा कमाल प्रवाह पूर्वीच्या अनुक्रमे ५०, ७५ आणि ८० टक्क्यांवर आला पाहिजे.

अहवालात तीन जागा शोधा. पहिली, चाचणी-खड्ड्यांच्या नोंदी: खड्डा नेमका बेसिनच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या खोलगट जागेच्या, ठिकाणी घेतला होता की लांब कोपऱ्यात? दुसरी, ओल्या ऋतूतली भूजल पातळी: पाणी मुरवणाऱ्या बेसिनचा तळ तिच्यापेक्षा किमान २ फूट वर हवा. मध्य जर्सीच्या चिकणमातीत हे सहज बिघडतं. कागदावर मुरणारं पाणी प्रत्यक्षात आठवडाभर साचतं. तिसरी, बेसिन रिकामं व्हायला लागणारा वेळ: ७२ तासांच्या आत. त्याहून जास्त लागला तर पुढच्या पावसाला जागा उरत नाही आणि डासही होतात.

तुमच्या मागच्या अंगणात आजच पाणी येत असेल तर फोटो न्या. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसानं जर्सीत जे घडलं त्याचे फोटो बऱ्याच घरांत असतील. फोटो ज्यानं काढला त्यानंच यायचं, शपथेवर तारीख आणि जागा सांगायची, आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते नकाशावर बाणानं दाखवायचं. तीन-चार प्रती काढा. एक बोर्डाच्या नोंदीत राहते आणि परत मिळत नाही.

पार्किंगचा आकडा वाढवण्याआधी

राज्याच्या निवासी प्रमाणकात बागेभोवतीच्या कमी उंचीच्या अपार्टमेंटमध्ये एक बेडरूमच्या घरामागे १.८ जागा धरल्या आहेत, पाहुण्यांच्या ०.५ त्यातच आल्या. समजा, एक बेडरूमची ७० घरं आहेत: १२६ जागा. अर्जदार दर घराला ०.९ प्रमाणे ६३ देतो म्हणतो. शेजारी लगेच म्हणतात, पूर्ण १२६ हव्यात. जरा थांबून हिशेब करा. ९ बाय १८ फुटांची जागा आणि तिच्या वाट्याचा मधला रस्ता धरून एका गाडीला सुमारे ३२० चौरस फूट डांबर लागतं. वाढीव ६३ जागा म्हणजे २० हजार चौरस फूट, जवळजवळ अर्धा एकर. एक इंच पावसात त्यावरून सुमारे साडेबारा हजार गॅलन पाणी निघतं, आणि त्याची वाट बहुधा तुमच्याच कुंपणाकडे असते. रिकाम्या डांबरापायी झाडांचा पट्टाही जातो.

त्यापेक्षा विचारा: याच संस्थेच्या दुसऱ्या इमारतीत रात्री १० नंतर किती गाड्या मोजल्या? घरी येऊन मदत करणाऱ्या होम हेल्थ एडच्या पाळ्या कधी बदलतात, तेव्हा दोन्ही पाळ्यांच्या गाड्या कुठे? रविवारी दुपारी मुलं-नातवंडं येतात तेव्हा काय? मग राखीव पार्किंग मागा: आराखड्यात मंजूर करून ठेवलेल्या, पण आज गवत असलेल्या २० जागा. त्या कधी बांधायच्या हेही ठरावात हवं, उदाहरणार्थ ‘सलग तीन महिन्यांत मोजणी ९० टक्क्यांवर गेली आणि झोनिंग ऑफिसरनं कळवलं तर सहा महिन्यांत’. ही ओळ नसेल तर राखीव जागा कायम गवतच राहतात.

रहदारी

इथे आकडे तुमच्या बाजूचे नाहीत, ते आधी मान्य करा. वाहतूक इंजिनिअर ज्या पुस्तिकेवरून गणित करतात तिच्या २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत ज्येष्ठांच्या अपार्टमेंटला दिवसाला ३.२४ फेऱ्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासात ०.२५ फेऱ्या धरल्या आहेत. स्वतंत्र घराला ९.४३ आणि ०.९४. म्हणजे ७० ज्येष्ठांची इमारत संध्याकाळी साधारण १८ फेऱ्या घालते, त्याच जागेवर २० घरं झाली असती तर १९. ‘रस्ता ठप्प होईल’ असं म्हणालात की अर्जदाराचा इंजिनिअर हे गणित मांडतो आणि तुमच्या पुढच्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो.

खरा मुद्दा पायी चालणाऱ्यांचा आहे. ४८ फुटांचा रस्ता सेकंदाला ३.५ फुटांच्या चालीनं १४ सेकंदांत ओलांडता येतो. हळू चालणाऱ्याला, सेकंदाला ३ फुटांनी, १६ लागतात. वॉकर धरून २.५ फुटांनी चालणाऱ्या आजींना १९ लागतात. सिग्नलचा वेळ कुठल्या चालीवर लावलाय ते विचारा. मध्ये थांबायला बेट, पदपथाला १:१२ पेक्षा जास्त चढ नसलेला उतार, बस थांब्यापर्यंत सलग फूटपाथ मागा. कौंटीचा रस्ता असेल तर कौंटी प्लॅनिंग बोर्डाकडेही तेच पत्र द्या, कारण तिथे टाउनशिपचं चालत नाही. या मागण्या शाळेत जाणाऱ्या तुमच्या मुलांच्याही कामाच्या आहेत.

अँब्युलन्स, लिफ्ट, वीज

ज्येष्ठांच्या इमारतीतून अँब्युलन्सला जास्त फोन जातात, त्यातले बरेचसे नुसते पडलेल्याला उचलायचे. गावाचं पथक स्वयंसेवकांचं असेल तर हा ताण खरा आहे. उपाय मागता येतात: इमारतीत रोज ठरलेल्या तासांना सेवा-समन्वयक, उचलण्यासाठी लिखित पद्धत, पोर्चमध्ये अँब्युलन्सला मागे न घेता वळता येईल एवढी जागा. चार किंवा जास्त मजल्यांना २४ बाय ८४ इंचांचं स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट सक्तीची असते. तीन मजल्यांना नाही, म्हणून ती मागून घ्यावी लागते. लिफ्ट आणि एका वातानुकूलित सामाईक खोलीपुरता जनरेटरही मागा. २०१२ च्या सँडीनंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या, ऑक्सिजनवरच्या माणसाचं काय होतं याचा विचार आधीच झालेला बरा. जनरेटरची चाचणी आठवड्याच्या दिवशी दुपारी व्हावी ही अटही सोबत घाला.

कुंपणालगतचा पट्टा

झाडांच्या पट्ट्याबद्दल ‘पुरेशी झाडं लावावीत’ असं कधीच लिहू देऊ नका. लिहायचं असं: ‘सदाहरित झाडं, लावतानाची उंची ६ ते ८ फूट, दोन ओळींत एकाआड एक, दोन वर्षांत मेलेलं झाड बदलून द्यावं.’ ठरावात याला कडेचा पट्टा म्हणून अट घातली गेली तरच टाउनशिपला त्यासाठी हमीची रक्कम अडवून ठेवता येते. खाजगी जागेतल्या बाकीच्या बागकामाला २०१८ पासून अशी हमी घेता येत नाही. ही एक ओळ राहून जाते आणि पाच वर्षांनी तिथे तीन वाळके खुंट दिसतात. दिवे खाली तोंड असलेले, ३००० केल्विन (पिवळसर उजेडाचे), हद्दीवर प्रकाशाची पातळी शून्याच्या जवळ. कचऱ्याचे डंपस्टर (मोठे डबे) तुमच्या बेडरूमपासून लांब, आणि उचलण्याची वेळ सकाळी ७ नंतर.

जे बोलायचं नाही

‘कसली माणसं येतील’ हे वाक्य नको. संघराज्याचा १९६८ चा घरांबाबतचा कायदा आणि राज्याचा भेदभावविरोधी कायदा आडवे येतात. बोर्डाचा वकील तुम्हाला थांबवेल आणि ते वाक्य नोंदीत जाऊन पुढच्या खटल्यात अर्जदाराच्या कामी येईल. व्हॉट्सॲपवरचे संदेशही कोर्टात मागवले जाऊ शकतात. मनात भीती गरिबीची असेल आणि तोंडी रहदारी असेल, तर ते ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं, आणि बोर्डाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

घरांच्या किमती पडतील हा मुद्दाही टिकत नाही. माउंट लॉरेलमधल्या एथेल लॉरेन्स होम्सचा प्रिन्स्टन विद्यापीठाचे डग्लस मॅसी यांच्या गटानं आसपासच्या तशाच गावांशी तुलना करून अभ्यास केला; किमती, गुन्हे, कर यांवर परिणाम दिसला नाही. आणि ती तर कुटुंबांची घरं होती. शाळेवर भार येतो म्हणायचं, तर ज्येष्ठांच्या इमारतीत शाळेची मुलं जवळजवळ नसतातच. ‘पुढे साधे फ्लॅट करतील’ ही शंका रास्त आहे, पण बिल्डरनं परवडणाऱ्या घरांसाठीचं संघराज्याचं टॅक्स क्रेडिट (करसवलत) घेतलं की किमान ३० वर्षांचं बंधन जमिनीच्या कागदावर नोंदवावं लागतं. त्या नोंदीची प्रत मागा. ‘आमच्याच गावच्या ज्येष्ठांना द्या’ ही अट घालता येत नाही. पसंती कौंट्यांच्या विभागाला देता येते, जसा मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटरडन हा एक विभाग, आणि निवड सोडतीनं होते.

त्या सोडतीत तुमचे आई-बाबाही असू शकतात. वयाची अट ५५ किंवा ६२ असते ती पाहा. उत्पन्नात मुलगा-मुलगी दर महिन्याला नियमित देतात ती रक्कमही धरतात. ती लपवली तर घर हातचं जातं.

बिल्डरला मालमत्ता-करात सवलत देणारा करार गावाशी झाला तर तो कौन्सिलच्या ठरावानं होतो, बोर्डात नाही, आणि बऱ्याचदा सुनावणीच्या आधीच. त्यासाठी कौन्सिलचा अजेंडा वेगळा पाहत राहा.

सुनावणीची रात्र

अर्जदाराचे साक्षीदार बहुधा या क्रमानं येतात: इंजिनिअर, आर्किटेक्ट, वाहतूक तज्ज्ञ, प्लॅनर. प्रत्येकानंतर लोकांना फक्त प्रश्न विचारता येतात. मत शेवटी, शपथ घेऊन. प्रश्नाच्या वेळी भाषण सुरू केलंत की अध्यक्ष थांबवतात. प्रश्न छोटा ठेवा: ‘चाचणी-खड्डा क्रमांक ३ बेसिनपासून किती फुटांवर आहे?’

सह्यांचं निवेदन पुरावा म्हणून घेत नाहीत, कारण कागदाची उलटतपासणी होत नाही. २०० सह्यांपेक्षा तयारीनं आलेली सहा माणसं बरी, प्रत्येकाकडे एक विषय. होमओनर्स असोसिएशनच्या अध्यक्षांना असोसिएशनच्या नावानं बोलता येत नाही, त्यासाठी वकील लागतो. स्वतःच्या घरापुरतं मात्र बोलता येतं. पैसे जमवणार असाल तर आमचं मत असं, की पावसाच्या पाण्याचा परवानाधारक इंजिनिअर आधी घ्या, वकील नंतर. तज्ज्ञाला उत्तर तज्ज्ञच देऊ शकतो.

सुनावणीच्या आधी अर्जदाराशी एकदा बसा. निधीच्या तारखा त्याच्या डोक्यावर असतात, वेळेत मंजुरी त्याला हवी असते. झाडं, दिवे, डंपस्टर, राखीव पार्किंग यांवर तो तिथेच होकार देतो. पण तोंडी होकार सुनावणीत त्याच्या वकिलाकडून नोंदीवर वदवून घ्या, नाहीतर तो ठरावात येत नाही.

निर्णयानंतर ४५ दिवसांच्या आत लेखी ठराव मंजूर व्हायला हवा. तो आला की तुमच्या अटी ओळीनं ताडून पाहा. काही गळलं असेल तर तो मंजूर होण्याआधीच सेक्रेटरीला लिहा. ठरावाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कोर्टात जायला मिळतात.

बांधकाम सुरू झालं आणि गढूळ पाणी रस्त्यावर आलं तर पोलिसांना नव्हे, तुमच्या भागाच्या सॉइल कन्झर्वेशन डिस्ट्रिक्टला (मातीची धूप रोखणाऱ्या कार्यालयाला) कळवा. काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असतो. लोक राहायला येण्याआधी, ताबा-प्रमाणपत्राच्या आठवड्यात, ठराव हातात घेऊन कुंपणाकडून एक फेरी मारा: झाडांची उंची टेपनं मोजा, रात्री दिवे पाहा, बेसिनमध्ये पावसानंतर तिसऱ्या दिवशी पाणी आहे का ते पाहा. जे चुकलं असेल त्याचा फोटो आणि ठरावातला अटीचा क्रमांक झोनिंग ऑफिसरला त्याच दिवशी पाठवा, कारण प्रमाणपत्र निघाल्यावर तीच दुरुस्ती करून घ्यायला महिने लागतात.